कौसीनं माती खाल्ली

माती खाल्ली असं आपण दोन अर्थांनी म्हणतो. एक खरोखरची माती, आणि दुसरी ती, जी एकानं खाल्ली की घरादाराला तोंड लपवावं लागतं. आमच्या घरी एका पावसाळ्यात हे दोन्ही अर्थ एकाच पोरीच्या बोकांडी बसले. ती पोरगी म्हणजे माझी थोरली बहीण कौसल्या. घरात तिला कौसी म्हणत आणि मला विमी. परवा माझी नात शाळेतून आली आणि जेवताना सहज म्हणाली, "आजी, आज आम्हाला जंताची गोळी दिली. गोड लागते." सगळे हसले. मी घास हातात धरून तशीच बसले. सुनेला वाटलं, भाजी तिखट झाली. काय झालं ते तिला सांगायला गेले तर एका जेवणात मावण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला घेतलं.

आमचं गाव सावली गावाहून वैनगंगेकडं जाताना लागतं, तलावाच्या काठाला. आम्ही ढिवर, तलाव आणि नदी यांच्या जिवावर जगणारे. बाबांच्या फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या होत्या. घरी येऊन त्यांनी जाळं आडव्या बांबूवर टाकलं की त्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या, आणि तो आवाज ऐकला की माय चुलीत लाकूड सारायची. मोठी मरळ बाजारात जायची, घरात उरायचे झिंगे आणि काट्यांचे बारीक मासे. झिंगे कोरडेच भाजून माय लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटायची, आणि गरम भात, लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण आणि ही चटणी एवढ्यावर आम्ही इतकं जेवायचो की आज मला विचार करून धाप लागते. घरात मोठमायही होती, बाबांच्या मोठ्या भावाची विधवा. तिला मूलबाळ नव्हतं. आमच्या घराची अब्रू सांभाळायचं काम तिनं कुणी न सांगता स्वतःकडं घेतलं होतं, आणि ती ते फार मन लावून करायची.

पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला की मासा हाती लागत नाही. मग आम्ही मायलेकी दुसऱ्यांच्या खाचरात, बांधीत, धानाच्या रोवणीला जायचो. रोवणीला पायात घालून कुणी जात नाही. चप्पल चिखलात रुतली की निघत नाही, आणि घालून आलीच एखादी, तर बाकीच्या बाया तिला दिवसभर पाटलीणबाई म्हणून पिडतील. तलावाचा मातीचा बांध ती पाळ, आणि तिच्यामागं बायकांची सकाळी बसायला जायची जागा होती. तिच्याच उताराला लागून पऱ्हे टाकलेले असत, म्हणजे धानाची कोवळी रोपं. माती कायम ओली, सावलीची, मऊ. त्याच वाटेनं आम्ही बांधीत उतरायचो. चार दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची, बारीक पुरळ यायचा. चिखल्या झाल्या, असं म्हणून एरंडीच्या तेलात हळद कालवून लावायची आणि पुन्हा चिखलात जायचं. खाजेला आजार म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती.

कौसी रोवणीत सगळ्यांच्या पुढं असायची. तिचा हात चालायला लागला की मागच्या बाया तिला शिव्या घालत धावायच्या, आणि रोवणीचं गाणंही तीच उचलायची. त्या वर्षी ती मागं राहायला लागली. पाळ चढताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवायची. गाणं दुसरीच कुणीतरी उचलायची आणि कौसी नुसते ओठ हलवायची. तिचा रंग पिवळट झाला, पावलं सुजली, हातपाय काडीसारखे असून पोट मात्र पुढं आलं. उन्हाळ्यात तिचं साक्षगंध झालं होतं. मुलगा नागभीडचा. स्टेशनाबाहेर त्यांचं चहा-आलुबोंड्याचं दुकान. साक्षगंधाला आलेल्या बाया म्हणून गेल्या होत्या, पोरगी कशी टवटवीत हाये. दसरा झाला की सोयरे लग्नाची तारीख काढायला येणार होते.

मला तिचं एक गुपित ठाऊक होतं. चुलीमागच्या भिंतीचा पोपडा काढून ती तोंडात टाकायची. भिंतीवर शिंपण झालं आणि ओल्या मातीचा वास सुटला की तिचे डोळेच बदलायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मले नाई राहवत वं विमी. तुले चिंच पाहून होते ना, तसं होते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण चिंचेचं मला खरंच तसं व्हायचं.

मोठमायनं तिला पकडलं ते भरदुपारी. जबडा धरून तोंडात बोट घातलं आणि बोटाला लागलेली माती घेऊन ती तशीच बाहेरच्या छपरीत आली. बाबा जाळ्यातल्या गाठी सोडवत बसले होते. मोठमाय म्हणाली, "भाऊजी, कौसीनं माती खाल्ली."

बाबांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलंच नाही. तिच्या बोटावरची माती त्यांना दिसली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मी कितीदा तरी मनाशी म्हटलंय. ते खाली जाळ्याकडं पाहतच म्हणाले, "कोणाचं हाये?"

मोठमाय क्षणभर गोंधळली. ती भिंतीची माती सांगायला आली होती, मी शपथेवर सांगते. पण बाबांचा प्रश्न कानावर पडला आणि तिच्या मनात सगळं भराभर जुळत गेलं. पुढं आलेलं पोट. सुजलेली पावलं. चढताना लागणारी धाप. आणि डोहाळे लागलेली बाई माती खाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर धरून म्हणाली, "माय वो! मले कसं नाई दिसलं!" तेवढ्यात माय बाहेर आली. काय झालं म्हणून विचारायची तिला गरजच पडली नाही, दोघांच्या चेहऱ्यावरच ते होतं.

कौसीला आतल्या खोलीत उभं केलं. मायनं हळू आवाजात विचारलं, "पाळी कधी आली होती?" कौसी म्हणाली, "रोवणी लागल्यापासून नाई आली." त्या उत्तरानं तिचा घात झाला. खोटं बोलली असती तर सुटली असती. माय कपाळ बडवायला लागली. कौसी एकच सांगत राहिली, "मी काहीच नाई केलं माय. मले कोणी हातबी नाई लावला. अंगातला जीवच चालला, तेवढं खरं हाये." मोठमाय म्हणाली, "सगळ्या असंच म्हणतात." सगळ्या म्हणजे कोण, हे मी आजपर्यंत शोधतेय.

त्या दिवसापासून घरातला आवाज गेला. बाबा जाळं टाकायचे, गोळ्या किणकिणायच्या, पण कुणी कुणाशी बोलायचं नाही. कौसीनं वाढलेलं ताट बाबा बाजूला सरकवायचे. मग माय उठून तेच ताट उचलायची, आत नेऊन पुन्हा आणायची आणि ते जेवायचे. भात तोच, वरण तेच. हा तमाशा रोज दोनदा चालायचा आणि कौसी कोपऱ्यात उभी राहून बघायची. बाबांनी मायला एवढंच सांगितलं, "सोयरे यायच्या आत निकाल लावा. नाईतं मी लावतो." हे म्हणताना ते तलावाकडं बघत होते. मी कौसीच्या मागं सावलीसारखी फिरू लागले. ती पाण्याला निघाली की मीही घागर घ्यायची, कारण एकटीला तलावावर पाठवायची मला भीती वाटायची. तिलाही ते समजलं असावं. एकदा पाळीवर थांबून ती म्हणाली, "मी नाई उडी घेत वं. मले तेवढं पळताच येत नाई." आम्ही दोघी हसलो, आणि हसतानाच ती खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मोठमाय पलीकडच्या गावी जाऊन कुणाकडून तरी मुळ्यांचा काढा घेऊन आली. काळपट गाडग्यात, वर फडकं बांधलेलं. धानाच्या कोठीमागं तिनं ते ठेवलं. कशाचा काढा, हे मला कुणी सांगितलं नाही, पण त्या वयात मुलींना न सांगितलेलंच जास्त कळतं. बाबा नदीवर गेले असताना दुपारी दार लोटून घेतलं. मला उंबऱ्याबाहेर बसवलं, कुणी आलं तर खोकायचं म्हणून. मी पाठ दाराला लावून बसले. मान वळवली की फटीतून सगळं दिसत होतं.

मायनं वाटीत काढा ओतला आणि कौसीपुढं धरला. वास बाहेरपर्यंत आला, कडू आणि सडका. कौसीनं वाटी हातात घेतली. रडली नाही. म्हणाली, "तू म्हणशील तं पिते. पण आत काहीच नाई वं माय. मी मरन, अन् तुले काहीच सापडनार नाई."

मोठमाय म्हणाली, "बोलू नको. पी."

वाटी तिच्या ओठाशी गेली. मला खोकावं असं वाटलं, पण कुणी आलंच नव्हतं. मायची नजर वाटीवर होती. वाटी धरलेल्या कौसीच्या बोटांकडं तिचं लक्ष गेलं असणार. नखं पांढरीफटक होती, ओठ नि नखं यांचा रंग एकच. मायनं एकदम वाटी हिसकावली. थोडा काढा कौसीच्या मांडीवर सांडला. "हिच्यात रक्तच नाई उरलं," माय म्हणाली. "हे प्याली तं इथीच जाईन."

"मंग सोयऱ्यायले काय सांगू?" मोठमाय म्हणाली. तिचा आवाजही रडवेला होता, हे मला सांगायलाच हवं. ती दुष्ट नव्हती, घाबरलेली होती.

"दवाखान्यात दाखवते. रक्त भरून आणते," माय म्हणाली. "काढा असू दे तसाच. आल्यावर पाहू."

म्हणजे मायनं पोरीवर विश्वास ठेवला असं कुणी समजू नये. काढा झेपावा म्हणून ती आधी अंगात रक्त भरायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बसनं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. मला बरोबर घेतलं, कारण कौसीला एका बाजूनं धरायला कुणीतरी पाहिजे होतं. मायनं डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला होता, जणू गावातली माणसं बसच्या खिडकीतून आत बघणार होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वरच्या मुलखातून आलेल्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी कौसीची पापणी खाली ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं दाबली, पोट चाचपलं, छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग विचारलं, "पाळी येते का?" मायनं माझा दंड इतका दाबला की पुढं किती तरी दिवस तिथं वळ होता. कौसीच म्हणाली, "नाई येत." मग बाईंनी बोटातून रक्त घेतलं आणि एक छोटी डबी हातात दिली, शौचाची तपासणी करायला. मायला ते काही पटेना. बाहेर आल्यावर ती पुटपुटली, "असं कुठी पाह्यतात का?" मूल आहे की नाही ते असंही पाहत असावेत, अशी तिनं आपली समजूत करून घेतली, आणि आम्ही निंबाच्या झाडाखाली बसून राहिलो. माय कौसीकडं बघत नव्हती. कौसी जमिनीवरचा मातीचा खडा बोटानं फिरवत होती. मी तो तिच्या हातातून काढून लांब फेकला.

आत बोलावलं. बाईंच्या हातात चिठ्ठी होती. त्या म्हणाल्या, "पोटात आहेत हिच्या."

माय भिंतीला टेकली. तिला ऐकायचं होतं ते आणि ऐकायचं नव्हतं ते, दोन्ही त्या तीन शब्दांत होतं. मग तिला ते 'आहेत' टोचलं असावं. तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "जुळे हायेत का, बाई?"

"जुळे?" डॉक्टरीणबाईंना कळेना. "अहो, शेकडो असतील."

माय कौसीच्या पोटाकडं बघायला लागली.

"जंत," बाई म्हणाल्या. "अंकुशकृमी. अनवाणी फिरता ना चिखलात? आतड्याला चिकटून बसतात आणि रक्त पितात. रक्तच नाही तर पाळी कुठून येणार?"

"अन् मूल?" मायच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली. आत्ता कुठं त्यांना सगळं उमगलं. "मूल नाही. मी तपासलंय. हिला कुणी काही पाजलं तर नाही ना?"

"नाई," माय म्हणाली. ते खरं होतं, पण खोटं ठरता ठरता राहिलेलं. "पाजलं असतं तर ही माझ्या टेबलापर्यंतसुद्धा पोचली नसती," बाई म्हणाल्या, आणि माय तिथंच फरशीवर बसून हुंदके द्यायला लागली. मी पण रडत होते. कौसी मात्र स्टुलावर ताठ बसली होती. तिनं बाईंना एकच विचारलं, "माती खावशी वाटते, ते बंद होईन का?" बाई म्हणाल्या, होईल, अंगात लोह भरलं की होईल. तेव्हा पहिल्यांदा तिनं मान खाली घातली.

पुढं मी शिक्षिका झाले, तेव्हा मुलांना हा धडा शिकवताना माझा आवाज हमखास चढायचा. माणूस उघड्यावर बसतो, त्यातून अंडी ओल्या मातीत पडतात, त्यांच्यातून सुईच्या टोकाहून बारीक अळ्या निघतात आणि अनवाणी पावलाच्या मऊ कातडीतून आत शिरतात. आम्ही जिला चिखल्या म्हणायचो त्या खाजेतली बरीचशी खाज म्हणजे त्यांची आत येण्याची वाट. तिथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, आणि थुंकीबरोबर गिळल्या की आतड्यात. आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तरात दात रोवून त्या बसतात. एक जागा सोडून दुसरी धरतात, आणि सोडलेल्या जागेतूनही रक्त झिरपत राहतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगातलं लोह आणि सत्त्व निघून जातं, मग सूज येते, पोट फुगतं, धाप लागते. आणि रक्त आटलेलं शरीर वेड्यासारखं माती मागतं. वर्गात मी एवढं सांगून थांबायची. त्याच्या पुढं काय होऊ शकतं, ते धड्यात नव्हतं.

घरी आलो तेव्हा बाबा छपरीत होते. माय म्हणाली, "जंत हायेत. मूलबिल काही नाई."

"कोण म्हणते?"

"डॉक्टरीण."

"मंग ठीक हाये," बाबा म्हणाले आणि गाठी सोडवू लागले. इतके दिवस त्या पोरीचं ताट सरकवणाऱ्या माणसाकडं तिच्यासाठी हे तीन शब्द होते. बाबा वारले त्याला बरीच वर्षं झाली, मी त्यांचं सगळं केलं, पण या तीन शब्दांचा राग अजून माझ्या पोटात आहे. मोठमाय मागं गेली आणि गाडगं उकिरड्यावर फोडून आली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सगळ्या घराला पुरतील इतक्या दिल्या होत्या. एकाच्या पोटात असतात तर सगळ्यांच्या असणार, असं त्या म्हणाल्या होत्या. जेवणं झाल्यावर कौसी पाण्याचा लोटा घेऊन उठली आणि एकेकाच्या हातावर गोळी ठेवत गेली. मला, मायला, मोठमायला. बाबांपुढं ती थोडा वेळ उभी राहिली. बाबांनी हात पुढं केला. "खा बाबा," ती म्हणाली. "तुमच्याबी पोटात हाये." कुणीही हसलं नाही. बाबांनी गोळी घेतली, आणि तिच्याच हातचा लोटा तोंडाला लावला.

लोहाच्या गोळ्या तिनं कितीतरी दिवस घेतल्या. दसऱ्यापर्यंत ओठांवर थोडा रंग आला. सोयरे आले, तारीख निघाली. पोरगी वाळलेली कशी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मोठमायनंच मोठ्यानं सांगितलं, "जंत झाले होते, आता बरी हाये." ते लोक मनमोकळे हसले. लग्न धूमधडाक्यात झालं.

पाठवणीच्या वेळी माय तिच्या गळ्यात पडून रडत होती. कौसी रडली नाही. मी तिच्या शालूचा काठ धरून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. ती मायच्या कानाशी म्हणाली, "डॉक्टरीण बोलली म्हणून तू मानलं. मी रोज सांगत होती. विमीवर अशी वेळ आली तं पहिले तिले विचारजो. अन् ती सांगन ते मानजो." मायनं मान हलवली की ती रडताना हलली, ते मला तेव्हा कळलं नाही.

ते नंतर कळलं. मी कॉलेजसाठी चंद्रपूरला राहू लागले, एकटी, तेव्हा गावात माझ्याबद्दल एक गोष्ट उठली. अगदीच फालतू होती. सुट्टीत घरी गेले तर मायनं मला ताटावर बसवलं, वाढलं, आणि समोर बसून म्हणाली, "लोक असं असं म्हणून राह्यले. तू सांग. तू सांगशील ते मी मानीन." मी सांगितलं. तिनं मानलं आणि मला आणखी भात वाढला. हे वाक्य मला कौसीनं मिळवून दिलं. तिला स्वतःला ते आमच्या घरात कुणीच कधी म्हटलं नाही.